उडणारा लाल, बसणारा काळा

या लेखातले मामा आणि भाचा मी रचलेले आहेत. त्यांच्या भांडणाचा विषय मात्र अगदी खरा.

मामा डोंबिवलीचे. एमआयडीसीतल्या एका रंग-कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. कापडाचा रंग उन्हात किती टिकतो, घामात किती, साबणात किती, हे तपासायचं काम. भाचा ठाण्याचा. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा अर्धा भाग भाड्याने घेऊन तो हाताने गिटार बनवतो. एकाच्या डोक्यात रंग, दुसऱ्याच्या डोक्यात लाकूड.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा पट्टा तसा रंगवाल्यांचाच. कोलशेत-बाळकुमला एकेकाळी सँडोझ आणि कलर-केम होते, शहाडला अमर डाय-केम, डोंबिवलीत तर मोजता येणार नाहीत इतके छोटेमोठे कारखाने. पण हा सगळा रंग कापडाचा, शाईचा, प्लास्टिकचा. फर्निचरच्या लाकडाला आपल्याकडे सहसा पॉलिश करतात, रंगवत नाहीत. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाऊन ‘पलंगाची रेषा दिसू दे आणि रंग निळा दे’ असं म्हणून पाहा, दुकानदार तुम्हाला आधी बसायला खुर्ची देईल. गिटारवाल्यांना मात्र नेमकं तेच हवं असतं.

भाचा : मामा, ही फळी बघ. आंबा आहे. कल्याणच्या वखारीत मिळाली. मधोमध चिरून दोन्ही तुकडे आरशातल्यासारखे समोरासमोर जोडलेत, त्यामुळे लाटा कशा आल्यात बघ. यावर लाल चढवायचाय. पण मंजिष्ठेचा. बाटलीतला डाय मला नको.

मामा : का नको?

भाचा : हे तू विचारतोस? तुझ्या गावात २०१४ साली हिरवा पाऊस पडला. २०२० साली रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्र्यांना बघायला यावं लागलं. २०१६ आणि २०२४ चे स्फोट तर तुझ्या खिडक्यांनीच ऐकले. एवढं बघून मी गिटारला त्याच कुळातला रंग लावू?

मामा : रस्ता रंगाने गुलाबी केला नाही रे. रंग रस्त्यावर सांडू देणाऱ्या माणसांनी केला. आता तू सांग, तुझ्या एका गिटारला किती रंग लागतो? दोन-चार ग्रॅम पावडर, पेलाभर स्पिरिट. उरलेलं भुशात मुरवून वाळव आणि कचऱ्यात वेगळं दे. बेसिनमध्ये ओतू नकोस, म्हणजे झालं. आणि तुझी मंजिष्ठा? ती उकळायला पाणी लागेल, तुरटी लागेल, आणि ते लाल पाणी तू कुठे सोडणार? झाडाचा रंग गटारात गेला की पवित्र होतो का?

भाचा : निदान विषारी तरी नाही.

मामा : तो मुद्दा मान्य. अॅझो रंगांपैकी काहींतून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं सुटतात. जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, मग आपल्याकडेही आली. तो काळ आम्ही लॅबमध्ये पाहिलाय, रोज नवी यादी यायची. म्हणून तर मी म्हणतो, ज्याचं नाव, गट, कागद मिळतो तोच रंग घे. बाजारात पुडीत मिळणारा ‘लाकूड रंग, चेरी’ घेऊ नकोस. पावडर कालवताना तोंडाला मास्क, हातात मोजे. झाडाची पावडरसुद्धा फुप्फुसात जायची गोष्ट नाही.

इथवर मामा जिंकत होते, कारण भाच्याने विषय प्रदूषणावर नेला होता आणि तो मामांचा घरचा विषय. वालधुनी नदीचं पाणी उल्हासनगरच्या जीन्स-धुलाईने कसं निळं व्हायचं यावर ते तासभर बोलू शकतात, आणि ते ऐकण्यासारखं असतं. पण भाच्याला लाकडाबद्दल बोलायचं होतं.

मामा : बरं, आधी हे सांग. रंग लाकडाच्या वर हवाय की आत?

भाचा : आत. वर हवा असता तर गेरू फासला असता.

मामा : बरोबर. गेरूचे कण विरघळत नाहीत. ते लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसतात, आणि फार झाले की रेषा झाकतात. डायचा रेणू द्रवात विरघळतो आणि तंतूंत शिरतो, म्हणून रेषा दिसते. तुला डायच हवाय. आता तो पाण्यातला की स्पिरिटमधला?

भाचा : पाण्यातला. तो खोल जातो आणि सावकाश सुकतो, हात फिरवायला वेळ मिळतो. स्पिरिटचा इतका पटकन उडतो की जिथे दुसरा हात पहिल्यावर चढतो तिथे पट्टा उमटतो. पाण्याने लाकडाची कुसळं उभी राहतात, पण त्याला उपाय आहे. आधी नुसत्या पाण्याने पुसायचं, सुकू द्यायचं, उभी राहिलेली कुसळं बारीक पॉलिश पेपरने हलकी काढायची, मग रंग.

मामा : हे तुला माहिती आहे, आणि आंबा रंग सारखा पीत नाही हेही माहिती असेल.

भाचा : माहिती आहे म्हणूनच आलोय. एकीकडे लाल, एकीकडे काळपट, चट्टे पडतात. फळीच्या टोकाला तर आडवी छेदलेली सगळी तोंडं उघडी, तिथे रंग ढसाढसा जातो. आणि फेविकॉलचा थेंब जिथे राहिला असेल तिथे पांढरा डाग. तो डाग रंग लावेपर्यंत दिसत नाही.

मामा : चपड्याचा पातळ हात दे ना आधी. स्पिरिटमध्ये अगदी पाण्यासारखी पातळ लाख. ती अधाशी छिद्रांची तहान थोडी भागवते, मग रंग सगळीकडे सारखा बसतो. रंग जरा फिका येईल, येऊ दे. दोनदा लाव. मात्र हे पावसाळ्यात करू नकोस. तुझ्या गाळ्यात जुलैत लाख पांढुरकी पडेल.

इथे एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते. लाखेचं पॉलिश महाराष्ट्रातल्या वाद्य-कारागिरांना नवं नाही. मिरजेत फरीदसाहेब शिकलगारांच्या घराण्यापासून सतार-तंबोरे बनतात. तुणाचं लाकूड, मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा, वर चपड्याची चमक. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा तो तांबूस-सोनेरी रंग पाहणाऱ्याला भोपळ्याचा आणि लाकडाचा स्वतःचा वाटतो. त्यात कारागिराच्या हाताचा भाग किती हे कुणी विचारत नाही, आणि कारागीरही लपवत नाही. गिटारच्या दुनियेत मात्र ‘लाकूड नैसर्गिक आहे का’ हा प्रश्न पहिला येतो. भाच्याचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

भाचा : मामा, मंजिष्ठा मला नुसती पवित्र म्हणून नकोय. स्ट्रॅडिव्हारीच्या व्हायोलिनचा लाल बघितलास? तोही निसर्गातलाच होता.

मामा : त्याच्या काही व्हायोलिनांचे कण फ्रान्समधल्या संशोधकांनी तपासले, २००९ साली निष्कर्ष छापून आले. लोकांना काहीतरी जादू हवी होती. निघालं काय? खाली तेल, वर तेल आणि राळ, आणि त्यात त्या काळच्या चित्रकारांकडे असायचे तसले लाल. लोहाचा लाल आणि कोचिनील किड्याचा लाल. आणि लक्षात घे, तो लाल लाकडात नव्हता, वार्निशात होता. तू लाकडात घालायला निघालायस. उदाहरण तुझ्या बाजूचं नाही.

भाचा : मग माझ्या बाजूचं देतो. गिब्सन कंपनीची लेस पॉल स्टँडर्ड गिटार. १९५८ ते १९६० मधली. समोर मेपलवर कडेला चेरी लाल, मध्ये पिवळा. त्या लाल डायला ऊन सोसलं नाही. काही वर्षांत लाल उडाला आणि गिटारी मधाच्या, चहाच्या, लिंबाच्या रंगाच्या झाल्या. पिकगार्डची पट्टी उचलली की खाली मूळ लाल अजून जिवंत सापडतो. आज याच उडालेल्या रंगाच्या गिटारी लाखो डॉलरना जातात. नव्या गिटारींवर तो उडालेला रंग मुद्दाम काढतात. तुझ्या लॅबने तो डाय नापास केला असता, मामा.

मामा : केलाच असता. गिब्सननेही केला. १९६० मध्ये त्यांनी जास्त टिकणारा लाल घेतला.

भाचा : आणि लोक मागतात कुठली?

मामा : लोक साठ वर्षांनंतर मागतात. १९५८ साली ज्याने लाल म्हणून पैसे मोजले, त्याच्या हातात दहा वर्षांनी पिवळी राहिली. तो काय म्हणाला असेल? तू तुझ्या गिऱ्हाईकाला साठ वर्षं थांबायला सांगणार आहेस का?

भाचा : मी त्याला आधीच सांगेन की हा लाल उतरेल.

मामा : किती उतरेल? कधी? कुठे? सांग ना. हेच तर माझं म्हणणं आहे. आम्ही निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या वापरायचो. एक नंबरची सगळ्यात आधी उडते, आठ नंबरची सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट टिकते. तुझा रंग त्या पट्ट्यांच्या शेजारी उन्हात ठेवायचा आणि तो कुठल्या पट्टीबरोबर उडतो ते बघायचं. हळद पहिल्या एक-दोन पट्ट्यांबरोबरच जाईल. शिवाय तिला चुना लागला की कुंकू होतं हे तुझ्या आजीलाही माहीत होतं. म्हणजे कुणी गिटार साबणाच्या पाण्याने पुसली की लाल डाग. मंजिष्ठा त्यापेक्षा पुष्कळ बरी, काथ तर चांगलाच टिकतो. पण आज मिळणारे क्रोमियम-कोबाल्टचे धातुयुक्त डाय या सगळ्यांच्या पुढे आहेत. त्यातला लाल घे. उतरणारा रंग हा तुझा निर्णय असू दे, नशीब नको.

मामांचा शेवटचा मुद्दा मला पटतो. हस्तकलेत ‘नैसर्गिक’ या सबबीखाली पुष्कळ अंदाजपंचे खपतं. पण नंतर भाच्याने जे सांगितलं त्याचा मामांनी नोकरीत कधी विचार केला नव्हता, आणि त्या दुपारी मामा पहिल्यांदा गप्प बसले.

भाचा : तुझ्या पट्ट्या ठीक आहेत. पण तू रंग कशावर तपासायचास?

मामा : कापडावर. पांढऱ्या.

भाचा : पांढऱ्या. लाकूड पांढरं नसतं, आणि आहे तसंही राहत नाही. मेपल पिवळसर होत जातं. वरचं लॅकर पिवळं पडतं. आंबा गडद होतो. शिसव उलट, जांभळेपणा सोडून तपकिरी होते. गेल्या वर्षी एकाला निळी गिटार हवी होती. तुझ्या भाषेत सात नंबरचा निळा घेतला असता, तो जागचा हलला नसता. पण खालचं लाकूड आणि वरचं लॅकर पिवळं पडलं असतं, आणि निळ्या-पिवळ्याचं काय होतं ते मी तुला सांगायला नको.

मामा : हिरवं.

भाचा : डाय पास, गिटार नापास.

मामा : ...मग काय केलंस?

भाचा : निळ्यात जांभळ्याचा एक थेंब घातला, आणि वर लवकर पिवळं न पडणारा पाण्याचा पीयू (पॉलियुरेथेन) वापरला. तरी मी त्याला लिहून दिलं की दहा वर्षांनी ही आजची निळी नसेल.

मामा : हे बरं केलंस. हे लिहून देणं.

इथून बोलणं वेगळ्याच दिशेने गेलं. लाल कुठला, याचा निकाल खरं तर लागला होता. भाचा धातुयुक्त लाल घेणार, आणि मंजिष्ठा फार तर एखाद्या छोट्या उकुलेलेवर करून बघणार. मग त्याने पिशवीतून एक अरुंद, जड पट्टी काढली. ती बाभळीची होती, गिटारच्या मानेवर जिथे बोटं तारा दाबतात तिथे बसणारी. त्या पट्टीवरून झालेलं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून ते लांबवतो.

भाचा : हा फ्रेटबोर्ड. गिऱ्हाईकाला काळा हवाय, आबनुसासारखा. आबनूस परवडत नाही. टेंभुर्णीचा गाभा काळा निघतो, पण एवढा सरळ तुकडा मिळत नाही. शिसव चालली असती, तिला रंग लागतच नाही, पण तिचा रंग तपकिरी. ही बाभूळ दोन वर्षं सुकवलीय. तडकते फार, पण टिकली तर दगड. तू म्हणतोस तसा तुझा धातुयुक्त काळा लावतो, विषय संपला.

मामा : नको.

भाचा : आता काय झालं? तोच तर सगळ्यात पक्का!

मामा : उन्हात पक्का. फ्रेटबोर्डवर ऊन पडतं की बोटं?

भाचा : बोटं.

मामा : आणि वर पॉलिश असतं का?

भाचा : नसतं. मेपल असेल तर असतं. बाकी लाकडाला थोडं तेल, बस.

मामा : मग बघ. गिटारच्या अंगावर डायच्या वर पीयूचा किंवा लाखेचा पडदा आहे, म्हणून डाय तिथे अडकून राहतो. फ्रेटबोर्ड उघडा. त्यावर रोज घाम, तेल, तारांचं घासणं. घासण्यातला पक्केपणा आणि उन्हातला पक्केपणा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीत पहिला आलेला दुसरीत नापास होऊ शकतो. तुझं गिऱ्हाईक रियाज करून उठेल आणि त्याची बोटं काळी. पांढरा शर्ट असेल तर मग बोलायलाच नको.

भाचा : मग?

मामा : इथे तुझं झाड घे. हिरडा.

आयुष्यभर कारखान्याचा रंग जोखणारा माणूस भाच्याला हिरडा सुचवत होता. पण कारण पवित्रतेचं नव्हतं, रसायनाचं होतं.

मामा : हिरड्यात टॅनिन भरपूर. मुरबाड, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरातले लोक तो गोळा करून विकतात, कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल. भरड कुटून उकळ, गाळ, तो काढा फळीला लाव आणि पूर्ण सुकू दे. बाभळीत स्वतःचं टॅनिन असतंच, पण सारखं पसरलेलं नसतं. हिरड्याने ते सारखं होतं. मग लोखंडाचं पाणी. व्हिनेगरमध्ये स्टील वूल टाकून काही दिवस ठेव. झाकण घट्ट लावू नकोस, त्यातून वायू सुटतो. गाळून लाव. सुरुवातीला राखाडी दिसेल, मग हवा लागली की तुझ्या डोळ्यांसमोर निळसर काळा होत जाईल. लोखंड आणि टॅनिन मिळून जे बनतं ते पाण्यात विरघळत नाही, आणि ते लाकडाच्या आतच बनतं. बाहेरून आणून बसवलेलं नाही. म्हणून बोटाला येत नाही. कापडाचा जुना काळा आणि जुनी शाई, दोन्ही याच जोडीवर चालायचे. शाईत हिराकस असायचं, एवढाच फरक.

भाचा : हिराकसच घेऊ का मग? दुकानात मिळतं.

मामा : घे, पण कमी. जास्तीचं लोखंड आणि आम्ल राहिलं तर वाईट. जुन्या शाईने कागद कसे खाल्लेत ते संग्रहालयवाल्यांना विचार. शेवटी सोड्याच्या अगदी सौम्य पाण्याने पूस, मग साध्या पाण्याने, सुकव, आणि मगच फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या बसव. फ्रेट आधी बसवून हे करशील तर खाचांमध्ये ओल राहील.

भाचा : आत किती जातं?

मामा : नखाच्या जाडीएवढंही नाही.

भाचा : म्हणजे पाच-सात वर्षांनी फ्रेट बदलायला आले, बोर्ड घासून सपाट केला, की खाली तपकिरी बाभूळ उघडी.

मामा : उघडी. मग पुन्हा हिरडा, पुन्हा लोखंड.

भाचा : किंवा बाभूळ बाभळीसारखी दिसू द्यावी. तिला आबनूस का व्हायचंय?

या प्रश्नाला मामांकडे उत्तर नव्हतं आणि भाच्याकडेही पूर्ण नव्हतं, कारण गिऱ्हाईक काळाच मागत होतं. माझं मत विचाराल तर बाभूळ उघडीच चांगली. ठाणे-कल्याणच्या आसपास उगवणाऱ्या झाडांना परदेशी लाकडाची वेशभूषा चढवण्याची घाई आपल्याला आहे, कारण विकत घेणाऱ्याने गिटार म्हणजे काळा फ्रेटबोर्ड एवढंच पाहिलेलं असतं. पण काळाच करायचा असेल तर हिरड्याचा करावा, आणि बिलावर ‘काळी केलेली बाभूळ’ असं लिहावं. ‘एबनी फिनिश’ लिहू नये. मामाही तेच म्हणाले, फक्त जरा कडक शब्दांत.

एक गोष्ट मात्र दोघांनीही सोडली होती, ती मी विचारली : रंगाने आवाज बदलतो का? दोघं एकदम ‘नाही’ म्हणाले. दोन-चार ग्रॅम डायचं वजन कुणाच्या कानाला कळत नाही. वरचं पॉलिश जाड झालं तर कळतं, विशेषतः अकूस्टिक गिटारच्या वरच्या पातळ फळीवर. म्हणून तिथे रंग लाकडात जिरवणं आणि वरचा हात पातळ ठेवणं हेच शहाणपणाचं. आणि जवसाचं तेल लावणार असाल तर ते पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेटतात. हे मामांनी भाच्याला निघताना दारातून पुन्हा सांगितलं.

ठाण्यात, डोंबिवलीत किंवा आणखी कुठे तुम्ही कुणाकडून गिटार बनवून घेणार असाल, तर त्याच लाकडाचा, त्याच हाताने रंगवलेला उरलेला तुकडा मागून घ्या. अर्धा काळ्या कागदात गुंडाळून उन्हाच्या खिडकीत ठेवा, एका उन्हाळ्यात काय ते कळेल. फ्रेटबोर्ड काळा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने जोर लावून पुसा. फडकं काळं झालं, तर उरलेले पैसे देण्याआधी कारागिराशी बोला.